मॉरिशस टूर रिव्ह्यू : ल मॉर्नचा डोंगर बसच्या काचेतून दाखवू नका राजेहो

आधी रेटिंग सांगून टाकतो, मंग बाकीचं वाचायचं असेल तर वाचा. तालुक्याच्या टूरवाल्याला पाचपैकी तीन. ल मॉर्नच्या डोंगरावर जो तिथलाच गाईड घेतला त्याला पाचपैकी पाच. अन् तो डोंगर ज्या पद्धतीनं सांभाळून ठेवलाय त्याला साडेचार, अर्धा का कापला ते खाली येईलच.

आमच्या इकडं, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात वणी-मारेगावच्या पट्ट्यात, कापूस विकून झाला अन् तूर घरात आली की मार्चमध्ये एखादी परदेश टूर निघतेच. त्यात निम्मे कृषी केंद्रवाले, दोन-चार मास्तर, एखादा रिटायर तलाठी अन् सगळ्यायच्या घरचे. कुणाचं बँकॉक झालेलं, कुणाचं दुबई, यंदा मॉरिशस. टूरवाल्याचं ऑफिस बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावर आहे, एक टेबल, दोन खुर्च्या अन् भिंतीवर आयफेल टॉवर. माणूस बोलायला गोड, पैशाचे हप्ते पाडून देतो, पासपोर्टच्या कामाला नागपूरला स्वतः घेऊन जातो, म्हाताऱ्या माणसाची फाईलही स्वतःच भरतो, हे सगळं खरं आहे अन् तीन स्टार त्याचेच आहेत. व्हिसाची कटकट नाही, मुंबईहून सरळ विमान, तिथं उतरलं की घड्याळ दीड तास मागं करायचं, झालं.

घोळ पॅम्फ्लेटमध्ये आहे. पहिल्याच पानावर ल मॉर्नचा मोठा फोटो, वरून काढलेला, डोंगर अन् त्याच्या बाजूला समुद्रात कोसळणारा धबधबा. तो धबधबा धबधबा नाहीच. समुद्राच्या तळाची वाळू अन् गाळ खोल भागात घसरत जातो त्यामुळं वरून तसा भास होतो, अन् तोही हेलिकॉप्टर नाहीतर विमानातूनच नीट दिसतो, जमिनीवरून घंटा दिसत नाही. हेलिकॉप्टर पॅकेजमध्ये नाही हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आमच्या ग्रुपमधल्या एका वहिनी दोन दिवस विचारत होत्या की धबधबा कधी दाखवता. अन् "ल मॉर्न दर्शन" म्हणजे काय, तर दक्षिणेकडच्या टूरमध्ये गंगा तलाव, १०८ फुटी महादेव, शामारेलची सात रंगाची माती हे सगळं झाल्यावर येताना रस्त्याच्या कडेला बस थांबवायची, दहा मिनिटं, फोटो काढा, बसा. त्याच दिवशी जहाजाचे मॉडेल विकायच्या शोरूममध्ये मात्र दीड तास घातला. लाकडाचं जहाज घेऊन मी काय वणीच्या कापूस मार्केटमध्ये चालवू?

तर त्या दहा मिनिटांत डोंगर दिसला. बेटाच्या पार नैऋत्य टोकाला, समुद्रात घुसलेला, बैलाच्या वशिंडासारखा एकदम वर आलेला काळा कातळ. उंची ५५६ मीटर, म्हणजे आमच्या सह्याद्री-सातपुड्याच्या हिशोबानं काही लय नाही, पण बाजूनं सगळी सपाट जमीन अन् पाणी, त्यामुळं अंगावर येतो. टूर मॅनेजर पोरगा नागपूरचा, त्याला विचारलं बाबू हे काय आहे, तर म्हणे "काका, यूनेस्को साईट आहे, हिस्टॉरिकल." बस एवढंच. आता हिस्टॉरिकल तर आमच्या गावची विहीरपण आहे.

ड्रायव्हर मात्र तिथला, त्याचे खापरपणजोबा बिहारकडून आलेले, हिंदी-भोजपुरी बोलायचा, त्यानं सांगितलं की इथं गुलाम पळून येऊन लपायचे अन् वर जाता येतं, गाईड भेटतो. पॅकेजमध्ये एक दिवस "बीचवर आराम" लिहिला होता, तो आराम आम्ही काही जणांनी डोंगराला दिला. बाकीचे बीचवर गेले, त्यायचंही काही चुकलं नाही, पाणी खरंच मस्त आहे.

वर चढायला गेटवर वहीत नाव लिहायचं, तिकीट नाही. गाईड घेतलाच पाहिजे असंही नाही, पण घ्या, मी हात जोडून सांगतो, घ्या. आमचा गाईड क्रिओल समाजाचा, म्हणजे तिथं आणलेल्या गुलामांच्या वंशजांपैकी, डोंगराजवळच्याच गावचा, इंग्रजी बोलायचा, मास्तर लोकायला समजायचं, बाकीच्यायला ड्रायव्हर हिंदीत सांगायचा. अर्धी वाट सोपी, जंगलातला रुंद रस्ता, आपली कोणतीही आजी चालेल. त्यानंतर कातळ सुरू होतो अन् चार पाय लावावे लागतात. वर एक लोखंडी क्रॉस आहे, तिथपर्यंतच जायचं, खरा माथा त्याच्या पुढं आहे पण तिकडं लोक जात नाहीत, मधे डोंगर फाटलेला आहे, इंग्रजी व्ही सारखी खिंड. पळून आलेले लोक ती खिंड पार करून पलीकडं राहायचे असं सांगतात. ती खिंड बघितली की समजतं की मालकाचे लोक इथपर्यंत आले तरी पुढं काऊन जाऊ शकत नव्हते.

आता इतिहास, जेवढा गाईडकडून अन् पायथ्याच्या फलकांवरून समजला तेवढा. बेटावर आधी डच आले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलं. ऊस पिकवायला, बंदर बांधायला माणसं लागली तर मादागास्कर अन् मोझांबिककडून जहाजं भरभरून आणली, अन् हे ऐकून आमच्या ग्रुपमधले एक काका एकदम थांबले, त्यात हिंदुस्थानातूनही गुलाम नेलेले होते. मजूर म्हणून नंतर गेले ते वेगळे, हे त्यायच्या आधीचे, विकत घेतलेले. फ्रेंचांचा १७२३ चा कायदा होता गुलामांसाठी. एक महिना पळून राहिला तर कान कापायचे अन् खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर कापायची, तिसऱ्यांदा पळाला तर मरण. तरी लोक पळायचे. पळालेल्यायला मरून म्हणायचे, अन् ते इतके होते की मॉरिशसला मरूनांचं प्रजासत्ताक म्हणायचे. त्यायला पकडायला एका फ्रेंच गव्हर्नरनं मादागास्करच्याच लोकांची तुकडी ठेवली होती. गुलामाला पकडायला गुलाम, हे तर जगात कुठंही जा.

मंग १ फेब्रुवारी १८३५. त्या दिवशी मॉरिशसमध्ये गुलामी संपली. तिथल्या क्रिओल समाजात पिढ्यानपिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी की शिपाई डोंगरावर चढले, वर लपलेल्यायला सांगायला की तुम्ही सुटले. वरच्यायनं शिपाई येताना पाहिले अन् त्यायला वाटलं पकडायलाच येऊन राह्यले. त्यायनं खाली उड्या टाकल्या. परत बेडीत जायच्यापेक्षा. गाईडनं हे सांगताना आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत, "आमच्याकडे असं सांगतात" एवढंच म्हणाला अन् खालच्या कड्याकडं बोट केलं. आपल्याकडचा एखादा गाईड असता तर तानाजीपासून सुरू झाला असता.

अन् इथं ते काका बोलले. काका म्हणजे आमच्याच गावचे, आता पोराची नोकरी लागली म्हणून टूरला आलेले, त्यायचे वडील मालगुजाराकडं सालगडी होते. ज्यायला माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो, गुढीपाडव्याला साल ठरायचं, उचल घ्यायची, धान्य ठरायचं, अन् उचल फिटली नाही की पुढचं साल त्याच मालकाकडं, त्याच्याही पुढचं त्याच मालकाकडं, बापाची उचल पोराच्या अंगावर. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा आहे, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, काका तेव्हा हाफपँटमध्ये होते. तर काकांनी ड्रायव्हरमार्फत विचारलं की कायदा झाला तेव्हा यायले काय भेटलं, जमीन, पैसे, काय? गाईड म्हणाला, पैसे मालकांना भेटले. इंग्रज सरकारनं आपल्या सगळ्या वसाहतींतल्या मालकांना मिळून २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, गुलामाला छदाम नाही. वरून सुटलेल्या लोकांनी अजून काही वर्षं "शिकाऊ" म्हणून त्याच मालकाकडं राबायचं, ते संपलं १८३९ मध्ये.

काका म्हणे, "म्हंजे सोडलं त्याचेबी पैसे मालकालेच?"

मी म्हटलं होय ना काका.

"मंग बराबर हाय," म्हणे, अन् पुढं चालायला लागले. अख्ख्या टूरमध्ये हे एवढं एक वाक्य वसूल झालं, माझे पैसे फिटले.

आता डोंगर सांभाळण्याबद्दल, कारण हा रिव्ह्यू मुख्य त्याच्यासाठीच लिहून राह्यलो. वर चढून बघितलं तर तिथं "बघण्यासारखं" काही नाही. एक वाडा नाही, भिंत नाही, तोफ नाही. पळून आलेला माणूस काय बांधणार, बांधलं की पकडल्या गेला. काही गुहांत माणसं राहिल्याच्या खुणा सापडल्या आहेत, बाकी सगळं म्हणजे कडा, खिंड, झाडं अन् लोकांच्या तोंडातली गोष्ट. आमच्या गावात उलटं आहे. मालगुजाराची गढी पडकी का होईना अजून उभी आहे, तिच्यावर पोरं रील काढतात, अन् ज्यायनं ती गढी बांधायला माती वाहिली त्यायची झोपडी कुठं होती ते कुणी सांगू शकत नाही. मॉरिशसवाल्यांनी काय केलं तर गढी नसलेल्या लोकांसाठी अख्खा डोंगरच राखून ठेवला. २००४ मध्ये ल मॉर्नसाठी वेगळा ट्रस्ट फंड काढला, २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं. मूळ जागा ३४९ हेक्टर अन् त्याच्या भोवती राखीव पट्टा २,४०७ हेक्टर, नुसता हा पट्टा एकरात करायचा तर जवळपास सहा हजार एकर, म्हणजे आमच्या इकडची दोन-तीन गावं शिवारासकट. त्या पट्ट्यात काय बांधायचं, किती उंच बांधायचं याला नियम आहेत. समुद्राचा काठ म्हटल्यावर तिथं जमिनीचे भाव काय असतील ते तुम्हीच समजा, मोठमोठी हॉटेलं पायथ्याच्या सपाटीला आहेतच, तरी डोंगराच्या अंगावर एक सिमेंटची पायरी नाही, हे मला तरी भारी वाटलं. आपल्याकडं पहिले सभामंडप येतो, मंग पेव्हर ब्लॉक, मंग हायमास्ट, मंग उद्घाटनाची कोनशिला, अन् शेवटी ज्याच्यासाठी केलं ते शोधावं लागते.

सगळंच तसं नाही आपल्याकडंही, खोटं कशाला बोलू. चंद्रपूरच्या जेलमध्ये जो पिंपळ आहे, जिथं इंग्रजांशी लढलेल्या गोंड वीर बाबूराव शेडमाक्यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला फाशी दिली, त्या झाडाला लोक दरवर्षी नमन करायला जातात, तिथं काही मोठं बांधायची गरजच पडत नाही. अन् दीक्षाभूमीवर २०२४ मध्ये जमिनीखालच्या पार्किंगचं काम निघालं तेव्हा १ जुलैला लोक रस्त्यावर उतरले अन् सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. आमच्या गावातले लोक दसऱ्याला तिथं टेम्पोनं जातात, रात्र उघड्यावर काढतात, त्यायनं कधी पार्किंग मागितलं नव्हतं. ज्यायची आठवण आहे त्यायला विचारून करा, एवढं साधं गणित ल मॉर्नवर बऱ्यापैकी पाळलेलं दिसते. १ फेब्रुवारीची तिथं देशभर सुट्टी असते अन् त्या दिवशी लोक पायथ्याशी जमतात. पायथ्याला २००९ मध्ये स्मारक केलंय, वेगवेगळ्या देशांच्या शिल्पकारांची दगडाची शिल्पं उघड्या मैदानात ठेवलीत, ज्या-ज्या मुलखांशी गुलामीचा संबंध होता तिथली, त्यात भारतही आहे. छत नाही, तिकीट नाही, पोरं तिथं पकडापकडी खेळत होती.

गाईडनं शेवटी सेगा नाचाबद्दल सांगितलं, तो गुलामांनी जपलेला नाच. बकरीच्या कातड्याचा मोठा गोल डफ असतो, रावान म्हणतात, वाजवायच्या आधी जाळावर शेकतात. आमचे पोतराज अन् गोंडी ढोलवाले पण डफ-ढोल शेकतात, म्हणून आमच्यातल्या एकानं लगेच त्याचा रावान हातात घेऊन वाजवून दाखवला अन् तिथं अर्धा तास मैफलच झाली. पारंपरिक सेगाही २०१४ पासून यूनेस्कोच्या यादीत आहे. हॉटेलात रात्री जो सेगा दाखवतात ना फुलाफुलाचे घागरे घालून, तो टाळला तरी चालेल, पर्यटकांसाठी गुळगुळीत केलेला आहे.

अर्धा स्टार कुठं कापला ते आता. एक तर फलक सगळे इंग्रजी-फ्रेंचकडं झुकलेले, अन् इतके भारतीय येऊन राह्यले तर दोन ओळी हिंदीत टाकायला काय जातं. दुसरं, डोंगराच्या पायथ्याला त्रू शनी नावाची वस्ती होती, सुटलेल्या गुलामांच्या वंशजांची, ती तिथून हलवल्या गेली अन् लोक आताच्या ल मॉर्न गावात गेले. डोंगर जपला, वस्ती उठली. हे गाईडनं सांगितलं म्हणून समजलं, नाहीतर टूरिस्टला पत्ता लागत नाही, अन् मला वाटतं की ही गोष्ट गेटवरच मोठ्या अक्षरात पाहिजे. आपल्याकडं धरणात गेलेल्या गावांची हीच गत आहे म्हणून जरा जास्तच लागलं.

झाडांबद्दल मास्तर लोकांनी खूप विचारलं. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल ट्रोशेशिया, लालसर, घंटेसारखं लटकणारं, तिथले लोक त्याला कानातलं डूल म्हणतात, ते जंगली अवस्थेत जगात फक्त याच डोंगरावर उगवतं. आम्हाला काही दिसलं नाही, दिसली ती घाणेरी अन् चिनी पेरूची झुडपं, बाहेरून आलेली, बेटभर माजलेली. घाणेरी बघून सगळे एकदम घरी आल्यासारखे खूश झाले, मी म्हटलं अरे ती तण आहे.

राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट पण बघा, करारावर आणलेले मजूर बोटीतून उतरायचे ती जागा, पॅकेजमध्ये अर्धा तास आहे, कमी आहे. तोही २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गुलामी बंद व्हायच्या आधीच, नोव्हेंबर १८३४ मध्ये, मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून ३६ मजूर करारावर आणून बघितले, नंतर लाखोनं आणले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते, जास्त करून कोकणाकडचे. आता तिथं गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. घाटावर बोटीतून उतरायच्या जुन्या दगडी पायऱ्या ठेवल्यात, १६ आहेत, आमच्या वहिनींनी मोजल्या. ल मॉर्न बघून मंग घाट बघितला तर एकाच कथेचे दोन भाग समजतात, टूरवाल्यानं मात्र घाट पहिल्या दिवशी ठेवलाय अन् डोंगर काचेतून. क्रम उलटा करा, खर्च एक रुपया वाढत नाही.

खाण्याचं : शाकाहारीची चिंता नको, रस्त्यावर धोल पुरी भेटते, पातळ पोळी, आत पिवळ्या डाळीचा भुगा, वर रस्सा अन् मिरचीची चटणी. हॉटेलच्या बुफेपेक्षा तीच खात होतो. तिखट मात्र आपल्या सावजीच्या जवळपास पण नाही, ठेचा घरून न्या.

डोंगरावर जायचं असेल तर सकाळी गेट उघडताच जा, जाऊन येऊन साडेतीन-चार तास धरा, वर पाणी नाही, दोन बाटल्या न्या, चप्पल घालून बिलकूल जाऊ नका, पाऊस पडून गेला असेल तर कातळ निसरडा होतो मंग अर्ध्यातूनच परत फिरा, तिथवरूनही समुद्र मस्त दिसतो. ज्यायचे गुडघे गेले त्यांनी पायथ्याचं स्मारक बघावं अन् तिथंच गाईडला बसवून ऐकावं, तो नाही म्हणत नाही.

परत आल्यावर टूरवाल्याकडं जाऊन हे सगळं सांगितलं. आधी म्हणे "भाऊ, आपल्या लोकायले डोंगर कोण चढते, त्यायले बीच पाहिजे." मी म्हटलं काकांना विचार. काकांना त्यानं खरंच फोन लावला, मी समोरच होतो, काका काय बोलले ते ऐकू आलं नाही पण फोन चांगला वीस मिनिटं चालला. आता म्हणते पुढच्या वर्षीच्या बॅचला ल मॉर्न अर्धा दिवस टाकतो, एक्स्ट्रा चार्ज लागेल. लागू दे. फक्त पैसे भरायच्या आधी लिहून घ्या की गाईड तिथल्या गावचाच राहील, नागपूरचा पोरगा नाही, अन् जहाजाचं शोरूम कॅन्सल.